गारठ्याला जेवणाचं बोलावणं

विम्याच्या बाईने पडदा सारला आणि खिडकीच्या सरकत्या चौकटीखाली बोट घातलं. बोट अडलं नाही. नखापासून पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेलं, आणि आत कुणाची नाडी लागतेय का बघावं तसं जरा थांबून हळूच बाहेर आलं. स्तेफाला ते बोट आपल्याच बरगड्यांत जाऊन आल्यासारखं वाटलं. बाहेरून कामगारांनी प्लास्टिक ठोकलं होतं, म्हणून वारा आत येत नव्हता. पण आतलं काहीही हलवायचं नाही अशी विमा कंपनीची ताकीद असल्यामुळे ती फट होती तशी राहिली होती, आणि फटीवर आईने भरतकाम केलेला पडदा, लाल-काळ्या कोंबड्यांचा, पाण्याने रंग उतरलेला. घरभर मोठमोठे पंखे घरघरत होते. भिजलेल्या भिंतींचा वास, म्हणजे जुन्या पिठाच्या डब्याचा वास, तिच्या रिकाम्या पोटात शिरत होता. आज उपास होता. उद्या पाण्याचा सण, नदीवर बर्फ कापून पाणी मंत्रून घ्यायचं. आज तारा दिसेपर्यंत घोटही नाही. ओट्यावर तिचा फोन उताणा पडला होता, आणि त्यातून तिची मोठी बहीण दार्का आणि दार्काचा नवरा वॉल्टर ॲरिझोनातून श्वास घेत होते. "काय चाललंय तिकडे?" वॉल्टर म्हणाला. "आवाज का बंद झाला? स्तेफा, मिशीवाल्या संतांचं ध्यान लागलं की काय?" विम्याच्या बाईने, जनेल फ्रीसन तिचं नाव, फोनकडे बघितलं आणि काहीच न ऐकल्यासारखं करून स्तेफाला विचारलं, "ही खिडकी उघडी होती?"

त्याच्या आधीचा अर्धा तास किती बरा गेला होता. फ्रीसनबाई दारात बूट काढायला वाकल्या तेव्हा स्तेफा म्हणाली होती, "राहू द्या, फरशीवर खिळे आहेत," आणि त्या हसल्या होत्या. घरमालक हिवाळ्यात चार दिवसांहून जास्त बाहेर राहणार असतील तर एक तर पाण्याचा मुख्य नळ बंद करून सगळे पाइप कोरडे करायचे, नाहीतर एखाद्या जाणत्या माणसाने रोज घरात शिरून ऊब चालू आहे ना ते बघायचं; यातलं एक झालं असेल तरच भरपाई. हे त्यांनी शाळेतल्या बाईंसारखं सावकाश सांगितलं होतं. "ते जाणतं माणूस म्हणजे तुम्ही?" "हो." "रोज येत होता?" "रोज. सकाळच्या प्रार्थनेनंतर." "आणि काय बघायचात?" मग स्तेफा बोलत गेली होती, तिच्या नेहमीच्या खालच्या पट्टीत, आणि पंख्यांमुळे फ्रीसनबाईंना पुढे वाकावं लागलं होतं: आधी जिन्याशी उभं राहून तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीचा आवाज ऐकायचा, मग प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवायचा, संडासाची साखळी ओढायची, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडीच ठेवायची म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत जाते, आणि फार कडाका असेल तर नळ थेंबथेंब सोडायचा, पण फार बारीक नाही, नाहीतर सांडपाण्याचा पाइप गोठतो. फ्रीसनबाईंनी मान डोलावली होती. "तुमच्यासारखी माणसं सगळ्यांना मिळती तर माझी नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या होत्या. फोनमधून दार्का म्हणाली होती, "माझी बहीण आहे ती!" आणि त्या 'माझी'चा गोडवा स्तेफाच्या जिभेवर क्षणभर, उपास असूनही, आला होता.

कारण या घरावर स्तेफाचंही काहीतरी टांगलेलं होतं. ती राहत होती ती इमारत विकली गेली होती, वसंत आला की खोली सोडायची, आणि या घरात खालच्या मजल्यावर आईची शिवणाची खोली दार्काने तिला देऊ केली होती. तोंडी. अंगणात, गाडीत बॅगा चढवताना, पाठ फिरवून. "घर असंच रिकामं ठेवण्यापेक्षा तूच राहा खाली," दार्का म्हणाली, आणि वॉल्टरने डिकी आपटत पुस्ती जोडली, "भाडं घेणार नाही, पण आमच्यासाठी प्रार्थना कर, वाळवंटात साप फार." मुख्य नळ बंद करून जा, असं स्तेफाने तेव्हाच सुचवलं होतं. त्यावर तो म्हणाला, "कशाला? तू आहेस ना. तुला नाहीतरी रोज काहीतरी नेमाने करायची सवय. एक देव जास्त धर." म्हणून तिने ती खोली तेव्हापासूनच आपली धरली होती. रोजच्या फेरीत तिथला रेडिएटर ती शेवटी बघायची, आणि त्याच्यावर हात जरा जास्त वेळ ठेवायची. कोपऱ्यात संतांच्या तसबिरींची फळी कुठे ठोकायची, पूर्वेचं ऊन पलंगाच्या कोणत्या बाजूला पडेल, हे सगळं तिच्या तळहाताला माहीत झालं होतं. आता पंचनामा झाला, भरपाई मिळाली, तर भिंती पुन्हा उभ्या राहणार होत्या. नाही मिळाली तर दार्का जागा विकणार होती, घर पाडून. हे तिने कालच फोनवर सांगितलं होतं. "पाडणार," ती म्हणाली, "आणि त्याला कारण तू. म्हणून उद्या खिडकीचं नाव काढायचं नाही. विचारलंच तर वाऱ्याने उघडली म्हणायचं." "दार्का, मी खोटं बोलणार नाही." "तुझं हे नेहमीचंच! स्वतःचा आत्मा तेवढा धुऊन-पुसून दोरीवर, बाकीच्यांनी चिखलात मरायचं."

"ही खिडकी उघडी होती?" फ्रीसनबाईंनी पुन्हा विचारलं.

"वाऱ्याने," फोन म्हणाला. दार्काचा आवाज पातळ, पत्र्यासारखा. "जुनी खिडकी आहे ती. त्या दिवशी काय वारं होतं, तुम्हीच विचारा कुणालाही."

"आतून कडी आहे, मॅडम. आणि चौकट वर सरकते. वारा खालून उचलत नाही."

स्तेफाला खिडकीबाहेरचं प्लास्टिक फुगताना आणि आत ओढलं जाताना दिसत होतं. त्या संध्याकाळीही असंच काहीतरी श्वास घेत होतं बाहेर. नाताळची आदली संध्याकाळ, जुन्या पंचांगाप्रमाणे, जेव्हा शहरातल्या बाकीच्यांची रोषणाई उतरून कचऱ्यात गेलेली असते आणि फक्त आपल्या लोकांच्या खिडकीत मेणबत्ती असते. ती एकटीच होती. पलीकडच्या तिच्या खोलीत ताट मांडलेलं होतं, पण त्याआधी इथली फेरी उरकायला आली, आणि तेवढ्यात दार्काचा फोन. दार्का रडत होती. तिकडे पोहण्याच्या तलावाकाठी कुणीतरी गाणी लावलेली, काटे-चमचे वाजत होते, आणि दार्का म्हणत होती, "अगं, इथे ताऱ्याची वाट बघावी तर आकाश कसं गुलाबी, निर्लज्ज. आईच्या घरातून हाक गेली का? नाही ना? या वर्षी कोण मारणार?" ती हाक. आईच्या गावाकडची, डॉफिनजवळच्या शेतावरची. तिथे एकदा जून महिन्यात गारठा पडून कोवळा गहू काळा झाला होता आणि आजोबा त्या काळ्या शेतात बसून राहिले होते, म्हणे, गुराखीसुद्धा त्यांना उठवू शकला नाही. म्हणून दरवर्षी पवित्र संध्याकाळी, पहिल्या ताऱ्याला, घरातल्या मोठ्या माणसाने खसखस-मधाची गव्हाची खीर पळीत घ्यायची, उत्तरेची खिडकी उघडायची आणि गारठ्याला जेवायला बोलवायचं. गारठ्या, गारठ्या, ये रे, आमच्याकडे खीर खायला ये! तीनदा. तो काही येत नाही. मग दटावायचं: बोलावल्यावर आला नाहीस ना, मग पेरणीवर येऊ नकोस, गुरांवर येऊ नकोस, लेकरांवर येऊ नकोस. लहानपणी स्तेफा सणासाठी टेबलाखाली पसरलेल्या पेंढ्यात बसून ऐकायची आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आला तर? पांढरा, लांब, ओठ नसलेला कुणी आत येऊन आईच्या खुर्चीवर बसला तर? दार्का तिला चिमटा काढायची. "आला बघ. तुझ्याच पायाशी बसलाय."

"मोठी मी आहे," दार्का फोनवर म्हणाली होती. "हाक मीच मारणार. तू खिडकी उघड आणि फोन बाहेर धर." स्तेफाने सांगितलं, बाहेर फार कडाका आहे, रेडिओवर मुलांना बाहेर सोडू नका म्हणतात. "अगं, एक मिनिट! एक मिनिट माझ्यासाठी तुझ्याच्याने होत नाही? आईच्या वेळेला तू होतीस शेवटपर्यंत, मी नव्हते. हे मला जन्मभर ऐकवणार आहेस का तू, न बोलता?" म्हणून तिने चौकट वर सरकवली. हवा आत आली नाही. आत होती ती हवाच जणू एका दमात बाहेर ओढली गेली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर ताठ झालं. तिने हात बाहेर काढला, फोन उत्तरेकडे धरला, दिवा न लागलेल्या परसाकडे, आणि तिच्या मुठीतून दार्का ओरडली, उन्हातल्या, तलावाकाठच्या, उघड्या खांद्यांच्या आवाजात: गारठ्या, गारठ्या, ये रे! शेजारचं कुत्रं भुंकलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार्काचा आवाज फुटला आणि ती हसायला लागली, मग रडायला, मग वॉल्टरला सांगायला लागली की अगदी आईसारखं वाटलं, आणि "थांब, धरून ठेव, दटावायचं राहिलंय." स्तेफाने धरून ठेवला. हात आधी दुखला, मग जळला, मग तिचा राहिला नाही. नंतर कोपराने चौकट खाली दाबली तेव्हा खट् असं वाजलं. वाजलं होतं, याबद्दल तिला आजही शंका नव्हती. पण काय वाजलं? खिडकीच्या उंबऱ्यावर बर्फाचं एक बोट अडकलं होतं, चौकट वाजली ती त्यावर; कडी लागलीच नव्हती. तिने पडदा ओढला. ओट्यावर सोबत आणलेली खिरीची वाटी ठेवली, रिवाज म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी नाताळची प्रार्थना आटोपून ती आली तेव्हा पुढच्या दाराखालून बर्फाची जीभ बाहेर आली होती, चाटून पुसून पायरीपर्यंत. खिडकीखालच्या, सिंकमागच्या भिंतीतला पाइप फुटला होता, पाणी तळघरात उतरून भट्टी विझली होती, आणि भट्टी विझल्यावर एकेक करून सगळे रेडिएटर, वरचे, खालचे, शिवणाच्या खोलीतला शेवटचा, उभे चिरले होते. घरात कुठेच आवाज नव्हता. ती जिन्याशी उभी राहिली, भट्टी ऐकायला, सवयीने. तळघरात आईच्या कोबीच्या बरण्या बर्फात तोंड वर करून रुतल्या होत्या.

"मी उघडली," स्तेफा म्हणाली.

फोनमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला.

"कशासाठी? वास वगैरे येत होता? गॅसचा?" फ्रीसनबाईंनी विचारलं, आणि त्या विचारण्यातच एक दार किलकिलं होतं. हो म्हटलं असतं तर किती सोपं होतं. स्तेफाला त्यांच्या पेल्यातल्या कॉफीचा वास आला.

"हाक मारायला."

"कोणाला?"

"गारठ्याला. जेवायला."

फ्रीसनबाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. आणि मग वॉल्टर हसला. "ऐकलंत? जगातली माणसं गारठ्याला घराबाहेर ठेवायला विमा उतरवतात आणि आमची मेहुणी त्याला पाट मांडते! काय वाढलंस गं, स्तेफा? पाइप?"

"वॉल्टर, गप," दार्का म्हणाली. पुढचं ती बोलली ते स्तेफाशी नव्हे, फ्रीसनबाईंशी. दुकानात बिघडलेला माल परत करताना बोलतात त्या आवाजात. "हे बघा, बाई. आम्ही इतक्या लांब आहोत, आम्हांला यातलं काहीएक ठाऊक नाही. हे सगळं तिचं. तिच्या मनाचं. कुणी सांगितलं नव्हतं तिला."

"दार्का," स्तेफा म्हणाली.

"दार्का काय? खोटं आहे का? आई गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. दिवसभर उपास, पुटपुटणं, भिंतीशी बोलणं. एकटी बाई, ना नवरा ना मूल. देवाच्या नावाखाली काय काय करते, आमचं आम्हांला माहीत. आम्ही झाकून ठेवतो, घरचीच म्हणून. तुम्ही हिच्या बोलण्यावर जाऊ नका. आमचा यात काय दोष? एका वेड्या बाईने खिडकी उघडली म्हणून आम्हांला भरपाई नाही मिळणार?"

स्तेफा फोनकडे बघत होती. त्या काळ्या काचेत छतावरच्या ओलीचा डाग दिसत होता. हाच फोन, हीच काच, हिच्यातून ती हाक गेली होती. फोन कंपनीकडे त्या संध्याकाळच्या कॉलची नोंद असेल, मिनिटं असतील. सांगता आलं असतं. पण तिला सांगावंसं वाटेना, आणि का वाटत नाही ते बघायला ती आत गेली, तर आत अनोळखी असं काहीतरी होतं. आईला शेवटच्या वर्षात उचलून मोरीवर न्यायचं ते तिने, आणि घर दार्काच्या नावावर, कारण घराला पुरुष लागतो. पेंढ्यातला तो चिमटा. जिथे जिथे दार्काने पाठ फिरवून काहीतरी दिलं आणि पाठ फिरवून काहीतरी नेलं, त्या सगळ्या पाठी एका मागे एक उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघताना तिच्या पोटात, त्या रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या पोटात, ऊब धरत होती. तिला आधी ती उपासाची ग्लानी वाटली. मग कळलं. दहा-बारा दिवसांत या घरात पहिल्यांदाच कुठेतरी ऊब होती. रोज सकाळी ती देवाजवळ एकच मागत असे, की माझ्या तोंडून आज कुणाला वाईट शब्द जाऊ नये. आणि तो तिला रोज ते देत असे, इतकी वर्षं, न चुकता. त्याने न दिलेल्या सगळ्या शब्दांचं काय होत असेल, कुठे साठत असतील, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे," फ्रीसनबाई फोनकडे वाकल्या, "तुमच्या बहिणीची ही अवस्था तुम्हांला आधीपासून माहीत होती?"

"माहीत? अहो, सगळ्या नॉर्थ एंड वस्तीला माहीत आहे!"

"दार्का," वॉल्टर मधे म्हणाला, वेगळ्याच आवाजात. "थांब जरा. एक मिनिट थांब."

"का थांबू? खरं तेच सांगतेय. आईच्या मयतापासून—"

"दार्का, तोंड बंद कर!"

"मग घराची राखण करायला जाणतं माणूस म्हणून तुम्ही कोणाला ठेवलं होतं?" फ्रीसनबाईंनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ॲरिझोनात कुठेतरी एक दरवाजा सरकला, पाण्यात कुणी उडी मारल्याचा आवाज आला, पोरं किंचाळली. मग दार्का अडखळत म्हणाली, "तसं नाही... म्हणजे, कामाला ती चांगली आहे. रोजचं करते ती व्यवस्थित. मी म्हणते ते आपलं... तुम्ही शब्दात का पकडता?"

फ्रीसनबाई स्तेफाकडे वळल्या. त्यांचे डोळे फिकट होते, दमलेले, आणि दुष्ट मुळीच नव्हते. "स्तेफानियाबाई, मला तुमच्याकडून ऐकायचंय. रीतीभाती सगळ्यांच्याच असतात. माझे एक काका वीज चमकली की घरातले आरसे भिंतीकडे फिरवायचे आणि पाचशे एकर शेती सांभाळायचे. त्यावरून मी कुणाला काही ठरवत नाही. खिडकी चुकून राहिली, तर चूक कुणाचीही होते, त्याला विमा आहे. पण मालकच जर म्हणत असतील की ज्या माणसाच्या भरवशावर घर सोडलं ते माणूसच भ्रमिष्ट होतं आणि हे त्यांना माहीत होतं, तर मला तसं लिहावं लागेल, आणि मग पुढे काही उरत नाही. म्हणून विचारते. तुमची बहीण म्हणते ते खरं आहे का?"

"स्तेफा," फोन म्हणाला. दार्का आता हळू बोलत होती, घरातल्या भाषेत, आईच्या भाषेत. "स्तेफुन्या. सांग ना गं त्यांना. रागात तोंडून गेलं माझ्या. तू काय मनावर घेतेस?"

एक 'नाही' पुरे होता. स्तेफाने तो जिभेवर तोलून बघितला. हलका होता, गव्हाच्या दाण्याएवढा. त्याच्या मागे शिवणाची खोली होती, नव्याने लिंपलेली, पूर्वेचं ऊन पलंगाच्या डाव्या बाजूला, आणि सकाळी उठून कुठेही न जाता हात ठेवायला स्वतःचा रेडिएटर. वरच्या मजल्यावर दार्काची पावलं. दार्काचं हसणं, दार्काची पाहुणी मंडळी, 'ही माझी बहीण, खाली राहते, तिला आम्ही सांभाळतो.' ऊब आता पोटातून छातीत आली होती. ती विझावी असं तिला वाटलं नाही, आणि वाटत नाही याची भीतीही वाटली नाही. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली नीट केली.

"दार्का माझ्याहून मोठी आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, खालच्या पट्टीतला, आणि फ्रीसनबाईंना तो ऐकायला पुढे वाकावं लागलं. "तिने सांगितलेलं मी आजवर मोडलं नाही. ती म्हणते तर तसंच असेल."

"स्तेफा! अगं ए!" वॉल्टर ओरडला. "काय बोलतेस ते कळतंय का तुला? घर जाईल! तू कुठे जाणार आहेस, अक्कलशून्य बाई, तू कुठे जाणार?"

कुठे जाणार ते तिला खरंच माहीत नव्हतं. फ्रीसनबाई अजून तिच्याकडे बघत होत्या, शब्द परत घ्यायला वेळ देत होत्या. मग त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि लिहायला घेतलं. फोनमध्ये दार्का रडायला लागली होती, खरंखुरं, लहानपणी रडायची तसं, हुंदक्यामागे हुंदका, आणि पंख्यांच्या घरघरीतूनही ते स्पष्ट ऐकू येत होतं. आवाज बंद करायचं बटण स्तेफाच्या हाताशी होतं. तिने हात कोटाच्या खिशात घातले आणि शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.